मुलांचे गिरगोटे आणि आपण आया

(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



आपल्या सेक्रेटरीबाईंनी मला चार शब्द बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी सातवी शिकलेली बाई. स्वयंपाकघरात बसून बोलावयाचे असेल तर दोन तास बोलेन, पण सभेत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघरातलेच सांगा, फक्त उभ्याने सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकले-माकले तर आपण घरच्याच आहात, सांभाळून घ्यावे.

विषय मी माझ्या मनाने निवडला आहे. आपल्या घरातली दोन ते सात वर्षांची मुले भिंतीवर, फरशीवर, वहीच्या मागल्या पानावर जे गिरगोटे काढतात, मातीचे जे काही वेडेवाकडे करतात, त्याविषयी मला बोलावयाचे आहे. आपण म्हणाल, यात बोलण्यासारखे ते काय? मलाही पूर्वी असेच वाटत असे, आणि तसे वाटल्यामुळे माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगते.

माझा थोरला पाच वर्षांचा असताना त्याला घरून चित्र काढून आणावयास सांगितले होते. स्पर्धा होती. विषय होता 'माझे घर'. तो कागद घेऊन ओसरीत पालथा पडला आणि काढू लागला. मी पोळ्या आटोपून येऊन पाहते तो कागदाच्या मधोमध एक भली मोठी बाई बसलेली, आणि तिच्या बाजूला काड्याच्या पेटीएवढे घर! मी विचारले, "हे कोण?" तो म्हणाला, "आजी." मी म्हटले, "अरे, आजी कुठे घरापेक्षा मोठी असते का?" आणि खोडरबर घेतले. आजी पुसली. मग त्याचा हात हातात धरून मी दोन डोंगर काढले, मधून उगवणारा सूर्य काढला, एक नदी, एक झोपडी आणि एक नारळाचे झाड काढले. आपण सगळ्याजणी हेच काढतो, नाही का? बडनेऱ्यात डोंगर नाही. आमच्या दारावरून नदी वाहत नाही. नारळाचे झाड आमच्या आळीत कोणी लावलेले नाही. पण चित्र म्हणजे हेच, असे माझ्या डोक्यात बसलेले होते.

त्या चित्राला दुसरा नंबर मिळाला. प्रमाणपत्र आले. मी ते चौकटीत बसवून भिंतीवर लावले आणि आल्यागेल्याला दाखवले. त्यानंतर मुलगा कागद-पेन्सिल घेऊन माझ्याकडेच यायचा. "आई, तूच काढून दे. मले येत नाही." वर्षभर असे चालले, आणि पुढे तो कागदही मागेनासा झाला.

आता तो बावीस वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत घराची झाडझूड करताना ती चौकट पुसून मी त्याच्या हाती दिली. त्याने ती पाहिली आणि हसून म्हणाला, "आई, हे तुह्यं बक्षीस हाये, माह्यं नाही." तो रागाने बोलला नाही, पण मला ते लागले. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचा फोटो घरात आहे. पण त्या दिवसभर ओसरीत बसत, आल्यागेल्याची विचारपूस करीत, नातवाला गोष्टी सांगत, आणि त्या पाच वर्षांच्या जीवाला घरात सगळ्यांत मोठे काय दिसत होते, हे सांगणारा एकच कागद होता. तो मी माझ्या हाताने खोडला.

यानंतर या विषयाची मला ओढ लागली. ओळखीच्या एका बालवाडीच्या बाईंकडून काही ऐकले, वाचनालयातून पुस्तके आणून दुपारी थोडेथोडे वाचले. त्यातले मला जेवढे समजले तेवढे सांगते.

मूल साधारण दीड वर्षाचे झाले की हाताला लागेल त्याने रेघा ओढू लागते. तेव्हा त्याचा हात खांद्यापासून हलतो, म्हणून रेघा लांब आणि झोकदार येतात. हळूहळू हात कोपरातून, मग मनगटातून वळू लागतो आणि गोलगोल गुंडाळ्या येतात. तीन वर्षांच्या आसपास एक मोठी गोष्ट घडते. सुरू केलेली रेघ फिरून पहिल्या जागी येऊन मिळते आणि गोल पुरा होतो. आपल्याला ते शून्य दिसते. मुलाच्या दृष्टीने त्याने पहिल्यांदा एक आत आणि एक बाहेर तयार केलेले असते. मग त्या गोलात दोन ठिपके येतात, ते डोळे. त्या गोलालाच खाली दोन काड्या लागतात, ते पाय. पोट नाही, मान नाही, डोक्यालाच पाय! आपण हसतो. पण देशोदेशींची मुले या वयात अशीच माणसे काढतात असे जाणत्यांनी पाहून ठेवले आहे. त्यांना कोणी शिकवलेले नसते. बाळ आधी पालथे पडते, मग रांगते, मग उभे राहते, तसाच हा क्रम आहे. रांगणाऱ्या बाळाला "नीट चाल" म्हणून आपण कधी ओरडतो का? मग डोक्याला पाय काढणाऱ्याला "नीट काढ" का म्हणतो?

आणि जे मोठे वाटते ते मूल मोठे काढते. ही गोष्ट मला सतरा वर्षे उशिरा कळली.

आता दुसरी हकीगत. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा चार वर्षांचा आहे. मला तो मोठी आई म्हणतो. आपल्या गावच्या पोरांना रेल्वेचे वेड असायचेच. त्याने एके दिवशी गेरूचा खडा घेऊन आंगणातल्या फरशीवर ओळीने गोल काढले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी विचारले, "हे काय काढलंस रे?" म्हणाला, "मालगाडी." डबा नाही, इंजिन नाही, नुसती चाके. जीभ शिवशिवत होती, पण या खेपेस मी स्वतःला आवरले आणि म्हटले, "सांग बरं मले." तो म्हणाला, "डबे वर रायतात, मोठी आई. मले चाकंच दिसतात." दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन मी रुळांच्या बाजूने गेले आणि त्याच्या शेजारी उकिडवी बसले. रूळ उंचावर, आम्ही खाली. मालगाडी आली. खरेच सांगते, चाकांवाचून काही दिसेना! इतकी वर्षे बडनेऱ्यात काढली, पण चार वर्षांच्या उंचीवरून गाडी कशी दिसते हे मला त्या गेरूच्या गोलांनी दाखवले. मी खोडरबर चालवले असते, तर त्याने जे नीट पाहिले होते तेच चूक आहे असे त्याला वाटले असते.

मुलाच्या हातून काय तयार झाले याकडेच आपले लक्ष असते. करताना त्याच्या आत काय घडले, इकडे नसते. पोळ्याचेच घ्या. बाजारात मातीचे, लाकडाचे रंगवलेले बैल मिळतात. तान्ह्या पोळ्याला मुले ते मिरवतात. त्यात वाईट काही नाही. पण गेल्या पोळ्याला आमच्या या लहान्याने आणि शेजारच्या दोन पोरांनी काळ्या मातीचे बैल करावयास घेतले. पहिल्या दिवशी पाणी जास्त झाले, बैल बसला. दुसऱ्या दिवशी माती घट्ट घेतली, बैल उभा राहिला, पण आपली काळी माती वाळताना आक्रसते, त्यामुळे संध्याकाळी पाठीला भेगा. पोरे रडकुंडीला आली. मग त्यांतल्या एकाने आपल्या आजीला चूल लिंपताना पाहिले होते. त्याने मातीत राख आणि थोडा भुसा मिसळला. तिसऱ्या दिवशीचा बैल टिकला. त्याला तीन पाय होते, कारण चौथ्याला माती उरली नाही. तो बैल कोणत्याही स्पर्धेत बसला नसता. पण मातीला पाणी किती, भुसा कशासाठी, भेग का पडते, आणि मोडले तर पुन्हा करता येते, एवढे त्या पोरांना तीन दिवसांत समजले. विकतच्या बैलाने यांतले काय शिकवले असते? आपल्या मुली पहिली पोळी लाटतात तेव्हा नकाशाच होतो ना? ती पोळी हातातून काढून घेऊन आपणच लाटली तर मुलगी कधी शिकेल?

आपल्या वऱ्हाडात हे पूर्वी आपोआप घडत असे. धांड्याच्या बैलगाड्या व्हायच्या, मुली भुलाबाई-भुलोजी घरीच मातीचे करायच्या, सारवलेल्या भिंतीवर बोटाने नक्षी निघायची. आता घरे टाइल्सची झाली, भुलाबाई विकत आली, आणि मूल रडले की आपण त्याच्या हाती मोबाईल देतो. दोष त्यांना कसा द्यावा?

भगिनींनो, हे विचार परके नाहीत. यांची एक वाट आपल्या अमरावतीवरून गेलेली आहे. ताराबाई मोडक यांचे नाव आपण ऐकले असेल. त्यांचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. त्यांचे यजमान अमरावतीचे वकील होते आणि ताराबाईंचा संसार काही काळ अमरावतीस झाला. पुढे तो टिकला नाही. त्या काळी एकट्या बाईला हे किती जड गेले असेल ते आपण समजू शकतो. त्या काठेवाडात राजकोटला गेल्या, आणि तेथून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे. गिजुभाई मुळात वकील. त्यांनी १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले होते. मुले मारावाचून, धाकावाचून, हाताने करून शिकली पाहिजेत असे त्यांचे मत. त्यांना तिकडे 'मिशाळ आई' म्हणत, यावरूनच काय ते समजावे.

१९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. ताराबाईंनी १९३६ साली मुंबईस दादरला शिशुविहार काढले. पण शहरातल्या मुलांपुरते हे राहू नये म्हणून १९४५ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी गेल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ मिळाल्या. अनुताईंना बालपणीच वैधव्य आले होते, आणि पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. या दोघींनी बोर्डीला आणि नंतर कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांत आयुष्य वेचले. महागडी परदेशी साधने त्यांनी बाजूस ठेवली, आणि गावात मिळेल त्याच वस्तूंची साधने केली. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या पाड्यावर, आंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ साली आली, ती ताराबाई १९७३ साली गेल्यानंतर. अनुताई १९९२ साली गेल्या. त्यांचे 'कोसबादच्या टेकडीवरून' हे पुस्तक वाचनालयात मिळाले तर अवश्य आणा.

त्याच डहाणू तालुक्यातली आणखी एक गोष्ट सांगते. वारली लोकांत लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हे काम पिढ्यान्पिढ्या सवाशिणींचे. तिथे गंजाड गावी जिव्या सोमा म्हसे नावाचा एक मुलगा होता. लहानपणी त्याची आई गेली आणि त्या धक्क्याने त्याचे बोलणे बंद झाले. सांगतात की तो धुळीत बोटाने चित्रे काढून आपल्या मनातले दाखवी. पुढे हेच जिव्या म्हसे मोठे चित्रकार झाले, वारली चित्रे त्यांनी देशोदेशी नेली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते २०१८ साली वारले. आपली मुले पद्मश्री होतील म्हणून मी हे सांगत नाही. ज्या मुलाला बोलता येत नव्हते त्याचे बोलणे त्या धुळीत होते, एवढ्यासाठी सांगते. कोणी ती धूळ झाडून "उठ, कपडे मळतील" म्हणून त्याला उभे केले असते तर?

आणि मोठ्यांचेही ऐका. रवीन्द्रनाथ ठाकूर लिहिताना जे शब्द खोडीत, त्या खोडलेल्या जागांना रेघा जोडीत जोडीत त्यांतून पक्षी, प्राणी, चेहरे काढीत. त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन १९३० साली पॅरिसला भरले, तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते. ते चित्रकलेकडे वळले ते असे गिरगोट्यांच्या वाटेने.

आपण विचाराल, यासाठी पैसा आणि वेळ कोठून आणावा? पैसा फारसा लागत नाही. गेरू, कोळसा, कपड्याची नीळ, हळद, पळसाची फुले उकळून निघालेले केशरी पाणी, हे सगळे आपल्याकडचेच आहे. हळदीत चुना कालवला की लाल रंग होतो. ते मात्र आईने स्वतः करावे, कारण चुना मुलांच्या डोळ्यांत जाता कामा नये. काडीला कापूस गुंडाळला की कुंचला झाला, आणि वऱ्हाडात कापसाला काय तोटा! जुन्या कॅलेंडरची मागची बाजू हा कागद. भिंत मळते ही तक्रार खरी. आम्ही मागल्या दाराची एक भिंत मुलांना देऊन टाकली, आणि पुढची ओसरी आपली. मुले हा नियम पाळतात. दहातून आठ वेळा तरी पाळतात.

कोणी म्हणेल, यापायी अभ्यास मागे पडेल. माझा अनुभव उलट आहे. जी बोटे माती मळतात, काडीने रेघ ओढतात, ती पेन्सिल बळकट धरतात. २०२० सालच्या नव्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत धरून खेळातून आणि करण्यातून शिकवावे असे म्हटले आहे.

आपण आयांनी मात्र थोडे पथ्य पाळावे. मुलाचा हात धरून काढून देऊ नये. "हे काय काढलंस?" असे कपाळाला आठ्या घालून विचारू नये. "सांग बरं मले" म्हणावे, आणि ऐकून घ्यावे. न पाहताच "छान छान" म्हणू नये, मुलांना ते कळते. शेजारणीच्या मुलाच्या चित्राशी तुलना करू नये. आणि कागदाच्या मागे तारीख लिहून तो जपून ठेवावा.

आता शेवटची गोष्ट, आणि ती बोलताना मला थोडी भीती वाटते. आपले मंडळ दरवर्षी मुलांची चित्रकला स्पर्धा घेते. ती चांगल्या हेतूने सुरू झाली. पण गेल्या वर्षी सहा वर्षांखालच्या गटाची चित्रे मांडण्याचे काम माझ्याकडे होते. त्यांत बऱ्याच कागदांवर तेच दोन डोंगर, तोच सूर्य, तीच नदी होती. ती मुलांनी काढली नव्हती, ती आपण काढली होती. ज्या दोन-तीन मुलांनी स्वतः काढले होते त्यांना नंबर मिळाला नाही, आणि त्यांतली एक छोकरी आपला कागद चुरगाळून खिशात घालताना मी पाहिली.

माझी विनंती अशी की यंदा सात वर्षांखालच्या मुलांसाठी नंबर आणि बक्षिसे ठेवू नयेत. बक्षिसांच्या पैशांतून कागद आणि रंग आणावेत. माती, धांडे, गेरू आपण घरूनच आणू. एक सकाळ मंडळाच्या आंगणात मुलांना मोकळे सोडावे आणि आयांनी बाजूला सतरंजीवर बसावे. हात मागे बांधून बसावे, असे मी हसत म्हणते, पण खरेच म्हणते. काही भगिनींचे म्हणणे आहे की बक्षीस नसले तर मुले येणार नाहीत. मला वाटते, मुले येतील, आपण मात्र मुलांना आणणार नाही. एक वर्ष करून पाहू. नाही जमले तर पुढल्या वर्षी स्पर्धा आहेच, आणि मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

माझ्या घरची ती चौकट अजून भिंतीवर आहे. मी ती काढली नाही. रोज दिवा लावताना ती दिसते आणि मला माझे काम आठवते. आता तिच्या शेजारी एक कागद चिकटवला आहे. त्यावर नुसती गोलगोल चाके आहेत. पाहुणे विचारतात, हे काय? मी लहान्याला हाक मारते आणि म्हणते, "सांग रे बाबा, यांना."

 काही अधिकउणे बोलले गेले असेल तर पोटात घालावे, आणि विनंतीचा विचार मात्र जरूर करावा.